निळ्या फुग्याखालची वसाहत

जुलै-ऑगस्टमध्ये ओहोटीच्या वेळी जुहूच्या किंवा आक्साच्या किनाऱ्यावर चालत गेलात, तर भरतीने मागे ठेवलेली एक वेडीवाकडी रेघ दिसते. त्या रेघेत काय नसते? निर्माल्य, थर्माकोलचे तुकडे, नायलॉनच्या जाळ्यांचा गुंता, जोडीदार हरवलेल्या चपला, करवंट्या. एखाद्या सकाळी त्याच रेघेत बोटभर लांबीचे निळे फुगे पडलेले असतात. लांबून ते फाटक्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे वाटतात. वाकून पाहिले की फुग्याच्या कडेची जांभळट-गुलाबी झाक दिसते, वरचा चुणीदार तुरा दिसतो आणि फुग्याखालून निघून वाळूत वळणे घेत गेलेला गडद निळा दोरा दिसतो. त्या दोऱ्यावर बारीक मणी ओवल्यासारखे उंचवटे असतात. जवळून जाणारे कोणीतरी हमखास सांगते, "हात लावू नका, जेलीफिश आहे ती एक."

सल्ला अगदी बरोबर आहे. नाव मात्र चुकले आहे, कारण ही जेलीफिश नाही. आणि 'एक' म्हणावे की नाही यावर तर गेली पावणेदोनशे वर्षे प्राणिशास्त्रज्ञ वाद घालत आले आहेत. या पुस्तकाचा विषय तो निळा फुगा आणि त्याचे नातलग. उष्ण समुद्रांत तरंगणारे, विषारी, आणि वसाहत करून राहणारे हे जीव. मुंबईत त्याला ब्लूबॉटल म्हणतात. अटलांटिकमधल्या त्याच्या थोराड भावंडाला खलाशांनी 'पोर्तुगीज मॅन ओ' वॉर', म्हणजे पोर्तुगीज युद्धनौका, असे नाव दिले. पाण्यावर शीड उभारून येणारा तो फुगा त्यांना पोर्तुगिजांच्या जहाजासारखा दिसला. लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली तेव्हा त्याला समुद्रकाकडीच्या गटात घातले होते. पुढे १८०१ मध्ये लामार्कने त्याला स्वतंत्र प्रजाती मानून 'फायसेलिया' हे नाव दिले. ते ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ बुडबुडा किंवा फुगवलेली पिशवी.

मराठीत या जीवावर आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक बातम्यांच्या स्वरूपाचे आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर सुमारे दीडशे जणांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या. चार दिवस छायाचित्रे छापली गेली, धोक्याच्या सूचना लागल्या, आणि वारा पडला तशी चर्चाही ओसरली. त्या बातम्यांमध्ये भीती होती आणि ती रास्तच होती. पण निव्वळ भीतीने माणूस दोन चुका करतो. डंख झाला की घाबरून चोळत सुटतो, आणि डंख झाला नाही की त्या जीवाकडे पुन्हा बघतही नाही. या दोन्ही गोष्टी बदलाव्यात एवढ्यासाठी हे पुस्तक लिहायला घेतले.

आधी त्या फुग्याच्या आत काय आहे ते पाहू.

फायसेलियाचा फुगा मोठ्या जातीत सुमारे ३० सेंटिमीटर लांब होतो आणि पाण्यावर १५ सेंटिमीटरपर्यंत वर येतो. आपल्याकडे येणारी ब्लूबॉटल त्या मानाने चिमुकली असते. फुग्यातला बराचसा वायू साध्या हवेसारखाच, म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि थोडा आर्गॉन. पण त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, काही वेळा १३ टक्क्यांपर्यंत. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे ज्या वायूने मरतात, तोच हा वायू. माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवते, म्हणून तो आपल्याला घातक. फायसेलियाकडे रक्तही नाही आणि हिमोग्लोबिनही नाही, त्यामुळे तिला त्याचे भय नाही. फुग्याच्या तळाशी एक ग्रंथी असते. तिथल्या पेशी सेरीन नावाच्या अमिनो आम्लापासून हा वायू तयार करतात. जोनाथन विटेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या सुमारास हे दाखवून दिले. पुढे कार्बन मोनॉक्साइड पातळ भिंतीतून हळूहळू बाहेर झिरपतो आणि बाहेरची हवा आत येते. मला हे वाचून प्रथम विश्वास बसला नव्हता. ज्याच्यात हृदय नाही, मेंदू नाही, असा जीव स्वतःची होडी स्वतःच्या वायूने फुगवतो, आणि तो वायूही असा की ज्याचे नाव आपण गिझरच्या अपघातांमुळे शिकलो.

फुग्यावरचा तुरा म्हणजे शीड. स्नायू आवळून ते ताठ करता येते. फुगा अधूनमधून एका कुशीवर कलंडतो, पाण्यात बुडतो, पुन्हा सरळ होतो; त्यामुळे त्याची पातळ त्वचा उन्हात सुकत नाही. पोहण्याची ताकद या जीवात नाही. वारा नेईल तिकडे जायचे. मात्र अगदी वाऱ्याच्या मागोमाग नाही. काही फायसेलियांमध्ये खालचा गुच्छ फुग्याच्या डाव्या अंगाला असतो, काहींमध्ये उजव्या. पाण्यात लोंबणारा तो गुच्छ नांगरासारखा ओढ देतो आणि शीड वाऱ्याशी तिरके धरले जाते. त्यामुळे एक प्रकार वाऱ्याच्या दिशेपासून डावीकडे कलत जातो आणि दुसरा उजवीकडे. आल्फ्रेड वुडकॉक याने १९४४ साली यावर लिहिले. एकाच वाऱ्यात दोन्ही प्रकार सहसा एकाच किनाऱ्याला लागत नाहीत. एका बाजूचे वाळूवर मरतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खोल समुद्राकडे निघून गेलेले असतात. आपण डावखुरेपण जन्मखूण म्हणून सांगतो. इथे ते जगण्या-मरण्यात फरक करते.

आता खालच्या गुच्छाकडे वळू. पुस्तकाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

फुग्याखाली जे लोंबते ते एका प्राण्याचे अवयव नाहीत. ते अनेक जीव आहेत, एकमेकांना कायमचे चिकटलेले. प्राणिशास्त्रात अशा घटकाला झूऑइड म्हणतात. या पुस्तकात मी त्याला 'जीवक' म्हटले आहे. फुगा वेगळा, शिकार करणारे जीवक वेगळे, खाणारे वेगळे, पुनरुत्पादन करणारे वेगळे. शिकारी जीवकाचा तंतू साधारण १० मीटर लांब असतो आणि मोठ्या फायसेलियांत ३० मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडलेला दोर जमिनीला टेकेल एवढा. त्याला मासा अडकला की तंतू आखडतो आणि शिकार वर ओढून घेतो. मग खाणारे जीवक, ज्यांना तोंड आणि पोट यांपलीकडे फारसे काही नाही, ते आपली तोंडे पसरून माशाला चारी बाजूंनी चिकटतात आणि त्यांच्या पाचकरसाने मासा बाहेरच विरघळू लागतो. पचलेले अन्न आतल्या सामाईक पोकळीतून साऱ्या वसाहतीला पोचते. शिकारी जीवकाला तोंड नाही. खाणाऱ्याला शिकार करता येत नाही. पुनरुत्पादक जीवक या दोघांच्या जिवावर जगतात. त्यातला एकही वेगळा काढला तर तगणार नाही.

आणि हे सगळे एकाच फलित अंड्यातून आलेले असतात. अंड्यातून एक इवलीशी अळी निघते, तिचा एका टोकाकडचा भाग फुगा बनतो, आणि मग एका ठराविक जागेतून कोंब फुटत जातात, एकेक कोंब एकेक जीवक होतो. सर्वांचा आनुवंशिक वारसा तोच. मग यांना भावंडे म्हणायचे की एकाच शरीराचे भाग?

टॉमस हक्सली २१ वर्षांचा असताना 'रॅटलस्नेक' या ब्रिटिश जहाजावर सहायक शल्यवैद्य म्हणून चढला. ते १८४६ साल होते. जहाज ऑस्ट्रेलिया-न्यूगिनीच्या समुद्रांकडे निघाले होते. सूक्ष्मदर्शक डोलणाऱ्या टेबलाला बांधून त्याने वाटेत सापडलेल्या फायसेलिया आणि त्यांचे नातलग चिरून पाहिले. परतल्यावर १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने 'प्राण्याचे व्यक्तित्व' याच विषयावर व्याख्यान दिले. त्याचा हिशेब सरळ होता. एका अंड्यातून जे जे निपजले ते सगळे मिळून एक व्यक्ती, मग ते सुटे असोत की जोडलेले. लोंबणाऱ्या घटकांना 'व्यक्ती' म्हणण्याचा अधिकार त्याने नाकारला. त्याच सुमारास जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट नेमके उलटे सांगत होता: हा समाज आहे, आणि कामाच्या वाटणीमुळे त्यातल्या व्यक्तींची रूपे बदलत गेली आहेत. पुढे एर्न्स्ट हेकेलने 'चॅलेंजर' या समुद्रसंशोधन मोहिमेतल्या नमुन्यांवर १८८८ मध्ये भला मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली चित्रे आजही भिंतीवर लावली जातात, वाद मात्र मिटला नाही.

माझे मत विचाराल तर हक्सलीचा हिशेब मला अपुरा वाटतो. अंडे एक, म्हणून जीव एक, असे म्हटले तर एकाच अंड्यातून झालेली जुळी भावंडेही एकच ठरतील. लॉयकार्टचा समाजही पुरता पटत नाही, कारण समाजातून माणूस उठून जाऊ शकतो. फायसेलियाचा जीवक उठून जाऊ शकत नाही. खरी गोष्ट अशी असावी की 'एक' हा शब्द आपण आपल्यासारख्या प्राण्यांकडे, गाईकडे, कावळ्याकडे, मांजरीकडे पाहून घडवला. समुद्रात उत्क्रांतीने एकत्र येण्याची दुसरीच वाट शोधली. आपल्या शरीरात पेशी वेगवेगळ्या कामांसाठी घडल्या आणि त्यांतून अवयव झाले. तिथे आख्खे प्राणीच वेगवेगळ्या कामांसाठी घडले आणि अवयवांसारखे वागू लागले. दोन्ही वाटा जवळपास एकाच मुक्कामाला पोचल्या. पुस्तकाच्या मधल्या प्रकरणांत मी हा विषय पुन्हा पुन्हा काढला आहे. वाचकाला त्याचा कंटाळा येणार नाही अशी आशा आहे, कारण माझ्यासाठी सगळ्या विषयाचे मर्म तिथेच आहे.

'वसाहत' या शब्दाबद्दलही थोडे. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी येतो. गिरणी कामगारांची किंवा रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत, आणि साम्राज्याने बळकावलेला मुलूख. फायसेलियाला लावलेला शब्द पहिल्या अर्थाचा आहे: एका आवारात, एका नळाच्या पाण्यावर, एकमेकांना धरून राहणारी बिऱ्हाडे. 'निवह' असा शास्त्रीय शब्दही आहे, पण 'वसाहत' ऐकताच जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते 'निवह' म्हटल्याने राहत नाही, म्हणून मी तोच ठेवला.

नातलगांची ओळख थोडक्यात. ज्या गटात फायसेलिया मोडते त्याला सायफोनोफोर म्हणतात. त्यात पावणेदोनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक समुद्राच्या खोल अंधारात राहतात. त्यांच्यात हवा आणि पाणी यांच्या सीमेवर शीड उभारून जगते ती फायसेलियाच. २०२० साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू दऱ्यांमध्ये 'फॉल्कर' या संशोधन जहाजाने सोडलेल्या यंत्राला एक सायफोनोफोर दिसला. पाण्यात तो भल्या मोठ्या चक्राकार वेटोळ्यात पसरला होता. त्याच्या फक्त बाहेरच्या वेढ्याची लांबी ४७ मीटर असल्याचा अंदाज त्या पथकाने दिला. निळ्या देवमाशापेक्षा लांब, आणि त्या मानाने अगदी बारीक. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या ध्वनियंत्रांना जिथे तळ नाही तिथे तळ असल्याचा भास होत असे. तो थर रात्री वर यायचा आणि दिवसा खाली जायचा. १९६३ मध्ये एरिक बारहॅम याने 'ट्रिएस्ट' या खोलबुडीतून सॅन डिएगोजवळ पाहून सांगितले की त्या थरात सायफोनोफोरांचे वायूचे फुगे मोठ्या संख्येने आहेत. आवाज त्यांच्यावर आदळून परत येत होता.

मुंबई-गोव्याच्या वाळूवर फायसेलियासोबत आणखी एक निळी वस्तू सापडते. शर्टाच्या बटणासारखी गोल, भोवती निळ्या झालरी. तिला पॉर्पिटा म्हणतात. तीही जीवकांची वसाहतच, पण सायफोनोफोर नव्हे. तिचा डंख माणसाला फारसा जाणवत नाही. तिरके पारदर्शक शीड असलेली वेलेला तिची बहीण. खऱ्या जेलीफिश या सगळ्यांच्या दूरच्या नात्यातल्या. छत्रीसारखे शरीर आकुंचित करून त्या पोहतात, आणि प्रत्येक जेलीफिश निर्विवाद एक असते.

विषाबद्दल आता. तंतूवरच्या मण्यांमध्ये हजारो दंशपेशी दाटीने बसलेल्या असतात. प्रत्येकीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ सुई. स्पर्श झाला की कुपी फुटते आणि सुई बाहेर उलटते. याच संघातल्या गोड्या पाण्यातल्या हायड्रावर जर्मन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजणी केली. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की सुई सुटण्याचा अगदी पहिला टप्पा ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात पार पडतो. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. सुई सोडण्यासाठी जीव जिवंत असावा लागत नाही. मेलेल्या, वाळूत पडून सुकू लागलेल्या तंतूतल्या कुप्याही भरलेल्या असतात. म्हणून किनाऱ्यावरच्या "मेली आहे, काही होत नाही" या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

पण या विषाने माणसाला एक मोठी गोष्ट शिकवली, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा सत्ताधीश प्रिन्स आल्बर्ट पहिला आपल्या 'प्रिन्सेस आलिस' या संशोधन नौकेतून अटलांटिकच्या सफरीवर निघाला. सोबत पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए. फायसेलियाचा तंतू लागला की खलाशी कळवळून कोसळतात हे प्रिन्सने पाहिले होते. त्यानेच सुचवले की या विषाचा अभ्यास करा. नौकेवरच तंतूंचा अर्क काढून त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. फ्रान्सला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी तिच्याच संघातल्या समुद्रफुलाचे विष घेतले. कुत्र्यांना थोडे थोडे विष देऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती आणावी, असा बेत होता. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिल्या मात्रेतून सहज सावरला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा थोडेसेच विष टोचले, आणि काही मिनिटांत तो धापा टाकत कोसळून मेला. पहिल्या मात्रेने त्याला वाचवायला हवे होते. तिने त्याला कमकुवत केले होते. या उलट्या प्रतिक्रियेला त्यांनी १९०२ साली 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. पोर्तिए यांना त्यात वाटा मिळाला नाही, याची मला खंत वाटते. आज मधमाशीच्या डंखाने, शेंगदाण्याने किंवा पेनिसिलीनच्या सुईने कोणाचा घसा सुजून श्वास अडकला, की डॉक्टर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतात. त्या आजाराला जे नाव मिळाले, त्याची वाट या निळ्या फुग्यापासून सुरू झाली. म्हणूनच ज्याला आधी एकदा डंख झाला आहे, त्याने दुसऱ्या डंखाकडे अधिक सावधपणे पाहावे. सुजणे, धाप लागणे, चक्कर येणे यातले काही दिसले तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

एरवी फायसेलियाच्या डंखाने मृत्यू येणे फार दुर्मीळ आहे. वेदना मात्र तीव्र असतात, चाबकाच्या वळासारखे लाल पट्टे उठतात. उपचारांबद्दल सविस्तर प्रकरण आत आहे. इथे एवढेच सांगतो की त्यात सर्वांत भरवशाचा ठरलेला उपाय अगदी साधा आहे: गरम पाणी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या किनाऱ्यावर ब्लूबॉटलचा डंख झालेल्या माणसांच्या एका गटाला ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याखाली धरले आणि दुसऱ्याला बर्फ दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात गरम पाणी मिळालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फवाल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या. आधी चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने अलगद काढावेत, मग आंघोळीला घेतो तसे, सहन होईल इतके गरम पाणी वीस मिनिटे. पाणी आधी दुसऱ्या हातावर पाहून घ्यावे, नाहीतर डंखावर भाजण्याची भर पडेल. व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांचे मतभेद आहेत, म्हणून मी ते सुचवत नाही. वाळूने चोळणे, लघवी लावणे, ओल्या टॉवेलने खसाखसा पुसणे, हे सगळे टाळावे. त्याने शिल्लक राहिलेल्या कुप्या फुटतात.

या विषाला न भिणारे जीवही आहेत, आणि त्यांच्यावर लिहिताना मला सर्वांत अधिक आनंद झाला. नोमियस नावाचा निळ्या पट्ट्यांचा छोटा मासा तंतूंच्या झालरीतच वावरतो. तो डंखापासून पुरता सुरक्षित नाही, पण चपळाईने मोठे तंतू चुकवतो. ग्लॉकस ही निळी-रुपेरी समुद्रगोगलगाय फायसेलिया खाते, तिच्या न फुटलेल्या कुप्या पचवत नाही, तर स्वतःच्या बोटांसारख्या टोकांत साठवून ठेवते; मग तिला हात लावणाऱ्याला फायसेलियापेक्षाही जोरदार डंख बसू शकतो. बुडबुड्यांचा तराफा करून त्याखाली उलटी लटकणारी जांभळी गोगलगाय जँथिनाही हीच मेजवानी झोडते. आणि ब्लँकेट ऑक्टोपस तर फायसेलियाचे तंतूच तोडून आपल्या चूषकांत हत्यारासारखे धरतो. एव्हरेट जोन्स यांनी १९६३ साली 'सायन्स' नियतकालिकात ही नोंद केली. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ नुसताच बसलो होतो.

हा विषय संपलेला नाही, हेही या प्रस्तावनेत सांगायला हवे. परवापर्यंत पुस्तके सांगत होती की जगभर फायसेलियाची एकच जात आहे. २०२५ मध्ये सॅम्युअल चर्च आणि सहकाऱ्यांनी 'करंट बायॉलॉजी'मध्ये जगभरातल्या १५१ नमुन्यांचा जनुकसंच अभ्यासून दाखवले की निदान चार जाती आहेत. त्यांतल्या काहींची वर्णने अठराव्या-एकोणिसाव्या शतकात केली गेली होती आणि नंतर ती मोडीत काढली गेली. त्याच वर्षी जपानच्या सेंदाई उपसागरातून आणखी एका जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. दाते मासामुने या सामुराई सरदाराच्या शिरस्त्राणावरील चंद्रकोरीवरून तिला 'मिकाझुकी' म्हटले आहे.

त्या २०२५ च्या अभ्यासात लेखकांनी आणखी एक साधन वापरले, आणि त्याचमुळे शेवटी वाचकाला एक विनंती करावीशी वाटते. सामान्य लोकांनी 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर टाकलेली हजारो छायाचित्रे त्यांनी तपासली आणि जातींची रूपे ताडून पाहिली. आपल्याकडेही 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'सारखे गट २०१७ पासून नागरिकांना किनाऱ्यावर नेऊन नोंदी करायला शिकवत आले आहेत. पण दक्षिणेला वेंगुर्ल्यापर्यंत, आणि पुढे गोव्याच्या किनाऱ्यांवर, पावसाळ्यात जे निळे फुगे लागतात त्यांतले बहुतेक कोणाच्याही नोंदीविना लाटांबरोबर परत जातात.

गणेश विसर्जन नेमके या दिवसांतच येते. माणसे अनवाणी, गुडघाभर पाण्यात उतरतात, अंधार पडलेला असतो. त्या दिवशी सकाळी भरतीच्या रेघेवरून एकदा चक्कर मारा. निळे फुगे दिसले तर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला कळवा आणि घरच्या मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. मग एक छायाचित्र घ्या, वरून, तंतूंचा गुच्छ फुग्याच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या ते दिसेल असे. शेजारी नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल. तारीख, जागा आणि त्या सकाळी वारा कुठून होता एवढे लिहून ते नोंदवा. हात लावू नका.